रुजू, मुक्काम आणि तह

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी इंग्रजी माध्यमातला एक कुत्रा आला. माध्यम म्हणतो ते थट्टेने नाही. मुलगा पुण्याला असतो. त्याला नोकरीनिमित्त दोन वर्षे परदेशी जावे लागले आणि त्याचा लॅब्रॅडोर आमच्याकडे भोरला येऊन दाखल झाला. नाव ब्रूनो. त्याच्याबरोबर गाडीतून उतरले ते सामान असे: एक गादी, दोन भांडी, खाण्याची मोठी पिशवी, लसींचे पुस्तक आणि सुनेने सुवाच्य अक्षरात लिहिलेला एक कागद. कागदावर सिट, स्टे, कम, डाउन, ड्रॉप इट, हील असे शब्द आणि समोर त्यांचे अर्थ. पुण्यात शिकवणारा माणूस ठेवून, दरमहा फी भरून हे शिक्षण झालेले होते.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि ३५ वर्षे वेल्ह्याकडच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका झाले. नाव छानच आहे, पण माझ्या तोंडातून अजून वेल्हेच येते. या शब्द बदलण्यावरच पुढे बोलायचे आहे.) इंग्रजी मला वाचता येते, बोलताना अडखळतो. हिचे शिक्षण सातवीपर्यंत. पहिल्या दिवशी हिने चष्मा लावून कागद वाचला आणि ब्रूनोला म्हणाली, "सीट." तो हिच्याकडे, एस.टी.त जागा मागणाऱ्या बाईकडे बघावे तसा बघत राहिला. मग मी म्हणालो. मी म्हटल्यावर तो उठून बाहेर गेला.

मराठी माणूस आपल्या कुत्र्याशी इंग्रजीत का बोलतो, ही थट्टा आपल्याकडे जुनी आहे. पण तिच्यामागे थोडा इतिहास आहे. १८१८ नंतर पुण्यात, खडकीत साहेबाच्या छावण्या आल्या. साहेबाबरोबर त्याची कुत्री आली, कुत्र्यांबरोबर त्यांची वंशावळ आली आणि त्यांना शिकवण्याचे शब्दही आले. संस्थानिकांनी ते उचलले, मग वकील-डॉक्टरांनी, मग आमच्या मुलांनी. आपल्या देशी जाती काही कमी नव्हत्या. मुधोळचे घोरपडे मराठा संस्थानिक. त्यांनी जोपासलेल्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि पुढे लष्करानेही ती जात प्रशिक्षणासाठी घेतली. पण घरात पाळायचे कुत्रे म्हटले की ते साहेबाचे, आणि त्याच्याशी बोलायचे ते साहेबासारखे, असे डोक्यात बसले ते बसलेच.

बरे, आपल्याकडे कुत्र्याशी बोलायचे शब्द होते तरी कोणते? मी आठवून पाहिले. "यू यू" म्हणजे ये. "छू" म्हणजे धाव घे, अंगावर जा. आणि "हाड" म्हणजे निघ. संपले. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश केला, १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात त्याने जनावरांना मारायच्या अशा हाकासुद्धा शब्द म्हणून नोंदल्या आहेत. साहेब मोठा चिकाटीचा. तर बोलवा, अंगावर सोडा, हाकला, एवढ्यावर आपले काम भागत होते. "बस" असे गावातल्या कुत्र्याला कोणी सांगितले नाही, कारण ते बसलेलेच असायचे!

नाही म्हणायला एक शब्द मी स्वतः ऐकला आहे. १९७० च्या दशकाच्या मध्याला मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेत डोंगरावरच्या धनगरवाड्यातला एक मुलगा यायचा. तासाभराची उतरण. त्याच्याबरोबर त्यांचा काळा, कान फाटलेला कुत्रा यायचा, तो ओढ्यापर्यंत. ओढ्याशी आले की मुलगा मागे न बघता म्हणायचा, "म्हागारी." एकदाच. कुत्रा वळायचा आणि चढायला लागायचा. वर बिबट्याची भीती, शेरडांपाशी त्याचे काम असे. मी एकदा त्या मुलाला विचारले, हे तू त्याला कसे शिकवलेस? तो म्हणाला, "शिकवलं न्हाई सर. त्याला ठावं हाय." मी बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर देऊन आलेलो, पाव्हलोव्हचा कुत्रा तोंडपाठ. पण या उत्तरापुढे मला काही सुचले नाही.

तर ब्रूनो. तिसऱ्या दिवशी मी हिला म्हणालो, आपण त्याचे माध्यम बदलू. सरळ मराठीत "बस", "ये", "थांब" म्हणू. आठ दिवसांत तो प्रयोग फसला आणि का फसला ते कळायला आणखी आठ दिवस लागले. आमच्या घरात "बस" हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, याचा कधी विचारच केला नव्हता. "बस की जरा." "बस झाली भाजी." "सव्वादहाची बस गेली." "ये" तर फोनवर, दारात, खिडकीतून सारखा चालू. बिचारा ब्रूनो सुरुवातीला प्रत्येक वेळी कान टवकारायचा, नंतर त्याने त्या शब्दांचा नाद सोडला. वर्गातही असेच होते. जे मास्तर सारखे "गप्प बसा" म्हणतात त्यांच्या वर्गात कोणी गप्प बसत नाही.

मग हुकमाचा शब्द असा हवा, की जो घरात एरवी कोणी उच्चारत नाही. तो लहान हवा आणि एकाचा दुसऱ्याशी गोंधळ होता कामा नये. अर्थ माणसाला कळला तरी पुरे, कुत्र्याला अर्थाशी काय करायचे आहे? जर्मनीत कोनराड मोस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९१० मध्ये कुत्रे शिकवण्यावर पुस्तक लिहिले आणि त्यातली पद्धत जगभर गेली. युरोपातून अमेरिकेत पोलिसांसाठी आणलेल्या कितीतरी कुत्र्यांना तिथले शिपाई अजूनही जर्मन हुकूम देतात. कुत्रा ते शिकून आलेला असतो, म्हणून शिपायाने ते शिकायचे! म्हणजे आमच्या घरात जे चालले होते तेच. अमेरिकेतच चेसर नावाची एक कुत्री होती. तिला तिच्या मालकाने, तो निवृत्त प्राध्यापक होता, १०२२ खेळण्यांची नावे शिकवली. ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मला सहाच शब्द शिकवायचे होते.

इतिहासाच्या मास्तराला शब्द कुठून सुचणार? पेटीतून म्हणजे बखरीतून आणि जुन्या पत्रांतूनच. ब्रूनोला बोलवायचे असेल तर "रुजू". चालायला लागायचे तर "कूच". आहे तिथे थांबायचे तर "मुक्काम". बसायचे असेल तर "सदर". (हल्ली हा शब्द फक्त सरकारी पत्रात "सदर इसम" असा भेटतो, त्यामुळे घरात त्याची भीती नाही.) पुढचे पाय पसरून खाली पडायचे तर "मुजरा". आणि तोंडातली वस्तू सोडायची असेल तर "तह".

हिला सगळ्यात "तह" आवडला. कारण ब्रूनोने तोपर्यंत हिची एक चप्पल, माझा चष्म्याचा डबा आणि नळाच्या पाइपचा तुकडा ताब्यात घेतला होता. मी हिला समजावून सांगितले, की तह म्हणजे हिसकावून घेणे नव्हे. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरच्या पायथ्याशी मिर्झाराजे जयसिंगांशी तह झाला तेव्हा महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, आमच्या भोरजवळचा रोहिडासुद्धा त्यात गेला. पण १२ किल्ले राहिले, त्यात राजगड आणि तोरणा होते. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळाले तरच तह होतो. तेव्हा चप्पल मागताना हातात भाकरीचा तुकडा पाहिजे. हिने तो नियम पाळला. दोन आठवड्यांत "तह" म्हटले की चप्पल पायाशी येऊ लागली. पुढे १६७० मध्ये महाराजांनी गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली, तसे ब्रूनोनेही केले. फक्त तो पाच वर्षे थांबला नाही, भाकरी संपेपर्यंत थांबला.

शिकवण्याचे काम खरे तर हिनेच केले. मी शब्द निवडले आणि ओसरीवर बसून सूचना दिल्या, जे मास्तर लोक आयुष्यभर करतात. माझ्या तोंडी "मुक्काम" म्हणजे वर्गातला आवाज. तो ऐकला की ब्रूनोचे शेपूट खाली. ही पदराला हात पुसत, भाजी निवडता निवडता म्हणायची, आणि तो मुक्काम करायचा. बुडापेस्टमध्ये कुत्र्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन एक संशोधन झाले, ते २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. त्यात असे दिसले, की कुत्र्याचा मेंदू शब्द आणि स्वर वेगवेगळे हाताळतो, आणि शाबासकीचा शब्द शाबासकीच्याच स्वरात आला तरच त्याला खरा आनंद होतो. नुसता गोड स्वर चालत नाही आणि नुसता शब्दही चालत नाही. मुलाने फोनवर ते वाचून दाखवले तेव्हा ही म्हणाली, "यात शोधायचं काय होतं?"

सहाही शब्द ब्रूनोच्या अंगी लागल्यावर एक दिवस माझ्या लक्षात आले, की यातला एकही शब्द मूळचा आपला नाही. सगळे अरबी-फारशीतून आलेले. इंग्रजी काढून मी मराठी आणायला निघालो होतो आणि आणली होती ती आदिलशाहीच्या दफ्तरातली भाषा. आणि तीही कुठे, तर राजगडाच्या सावलीत.

राज्याभिषेक १६७४ चा. त्यानंतर काही वर्षांत महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. कारभारात रुळलेल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायचे, हा त्याचा हेतू. हजारावर शब्द त्यात आहेत. मी हा भाग वर्गात फार अभिमानाने शिकवत असे. आता या वयात, कुत्रा पायाशी बसलेला असताना, त्याच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहिले. कोणते शब्द बदलले आणि कोणते बदलले नाहीत?

आमच्या भोरचेच उदाहरण घ्या. अष्टप्रधानांत सुरनीसाचा सचिव झाला. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले, आणि त्यांच्या घराण्याकडे भोरचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत राहिले. त्यामुळे भोरमध्ये पंतसचिव हा शब्द पोराटोरांना माहीत. सुरनीस कोणालाही माहीत नाही. नवा शब्द जिंकला. पण शेजारी पुण्यात काय झाले? पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, पेशव्यांच्या शिक्क्यात तो तसाच कोरलेला आहे, आणि लोक शेवटपर्यंत पेशवाच म्हणत राहिले. शिक्का एक बोलतो, तोंड दुसरे. गंमत म्हणजे १९४७ नंतर पंतप्रधान परत आले, ते दिल्लीहून.

आणि कूच, मुक्काम, रुजू, हजेरी, खबरदार हे तर हललेच नाहीत. मी संशोधक नाही, पण मला वाटते ते सांगतो. पदाचे नाव कागदावर असते. वतनपत्र नवे लिहिले की नाव नवे होते. पण "मुक्काम" हा शब्द दिवसभर चाललेल्या माणसांना, घोड्यांना आणि बैलांना संध्याकाळी ऐकू येतो आणि तो ऐकला की खांद्यावरचे ओझे खाली येते. तो शब्द कानातून डोक्यात जातच नाही, कानातून थेट खांद्यात जातो. त्याला कोश काय करणार?

सैन्याच्या कवायतीत हे फार स्पष्ट दिसते. (कवायत हाही शब्द अरबीच. पानिपतावर लढलेल्या इब्राहिमखानाचे गारदी फ्रेंच शब्दातून आले आणि पलटण इंग्रजांकडून.) इंग्रजांच्या पहाऱ्यावरचा शिपाई रात्री "हू कम्स देअर?" असे ओरडायचा, त्याचे हिंदुस्थानी तोंडात "हुकुमदार" झाले. अर्थ कोणालाच माहीत नाही, पण ऐकणारा जागच्या जागी थांबायचा. अमेरिकेत यादवी युद्धाच्या वेळी खेड्यातून भरती झालेल्या पोरांना डावे-उजवे कळेना, म्हणून त्यांच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधून "गवत पाय, पेंढा पाय" अशी कवायत घेत, असे सांगतात. आमच्या लहानपणी ड्रिलचे जुने मास्तर "ठेन्शन" आणि "स्टँडटीज" म्हणायचे. पुढे सावधान-विश्राम आले. आम्ही मुलांनी कुठल्याच शब्दाचा अर्थ विचारला नाही, पाय जुळवले.

हे सगळे मी गमतीने लिहीत होतो, डायरीत. "आज्ञा आणि शब्द" असा मथळाही दिला होता. गेल्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात एक प्रसंग झाला आणि ते लिखाण तिथेच थांबले.

माझा एक जुना विद्यार्थी धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. माझ्या अगदी पहिल्या काही तुकड्यांतला. हुशार, अक्षर सुंदर. नोकरीतून आता तोही निवृत्त झाला आहे. फाटक उघडे होते. ब्रूनो ओसरीवरून उठला आणि भुंकत त्याच्याकडे धावला. तो काही करत नाही, त्याला माणसांची फार हौस. पण मी घाबरलो. आणि इतक्या कौतुकाने शिकवलेल्या सहा शब्दांपैकी एकही माझ्या तोंडात आला नाही. मी ओरडलो, "हाड! हाड!"

ब्रूनोला तो शब्द माहीतच नव्हता. पुण्यात त्याला तो कोणी म्हटला नव्हता, आम्हीही शिकवला नव्हता. तो शेपूट हलवत पुढे गेला. मागे सरला तो माझा विद्यार्थी. चढलेली पायरी उतरला आणि पत्रिका छातीशी धरून उभा राहिला.

मग हिने आतून "मुक्काम" म्हटले, ब्रूनो बसला, सगळे हसलो, चहा झाला. चहा संपता संपता तो म्हणाला, "सर, कुत्र्याला भिऊन नाही मागं आलो. आमच्या दारात चार कुत्री असतात. तो शब्द ऐकला की पाय आपोआप मागं येतो."

मग त्याने सांगितले. त्यांचे घर गावाबाहेरच्या महारवाड्यातले. वतने कायद्याने १९५८ मध्ये रद्द झाली, तरी त्यांच्या गावात सुगीनंतर बलुत्याची भाकर मागायला जायची रीत आणखी काही वर्षे रेंगाळली होती. वडिलांबरोबर तोही जायचा, पाच-सहा वर्षांचा असेल. दाराशी उभे राहून वडील हाक द्यायचे. आतून "हाड" असे ऐकू यायचे. अंगणात कुत्रेही असायचे. "बाप दोन पावलं मागं सरकायचा. मी विचारलं तर म्हणायचा, कुत्र्याला म्हणाले असतील. पण कुत्र्याला म्हणाले असले तरी तो मागं सरकायचाच, सर. उगाच विषाची परीक्षा कशाला. त्याचं बघून मीपण सरकायला लागलो."

हे तो मुळीच कडवटपणे बोलत नव्हता. पत्रिकेवरचा मजकूर वाचून दाखवावा तसे सांगत होता. ब्रूनोच्या मानेवर त्याचा हात होता.

भोरवरून वरंधा घाट उतरले की महाड. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळे नगरपालिकेचे, आणि नगरपालिकेने १९२४ मध्येच ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केलेला होता. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, कुत्री पीत, त्यांना कोणी अडवत नव्हते. माणसांना अडवले जात होते. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला तो १९३७ मध्ये. हे मी दहावीच्या वर्गाला दरवर्षी शिकवले. "चवदार तळ्याचा सत्याग्रह: टीप लिहा, गुण चार." सन, ठिकाण, कारण, परिणाम. तो समोरच्या बाकावर बसून लिहून घ्यायचा आणि त्याला चारपैकी चार मिळायचे. कुत्री पीत होती हे वाक्य मी वर्गात म्हणायचो तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल, असा प्रश्न मला ३५ वर्षांत पडला नाही.

आणखी एक गोष्ट मी त्याला विचारली नाही. तास सुरू असताना वर्गाच्या दाराशी घुटमळणारी मुले असतात. कोणी उशिरा आलेले, कोणी दुसऱ्या तुकडीतले. त्यांना आम्ही मास्तर लोक सर्रास "हाड रे" म्हणत असू. मीही म्हणत असे. त्यात काही विशेष आहे असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते. त्या दाराशी तो कितीदा होता, हे माझ्या जिभेवर आले होते. तो उठला, पाया पडला आणि "लग्नाला या, सर, बाईंना घेऊन या" म्हणून गेला. आम्ही गेलो. जेवण फार चांगले होते, आंबेमोहराचा भात होता.

त्यानंतर मी "हाड" सोडायचे ठरवले. वाटते तेवढे ते सोपे नाही. सत्तर वर्षे जिभेवर बसलेला शब्द. मांजर ओट्यावर चढले, कावळा वाळवणावर बसला, शेजारचा कुत्रा फाटकातून आत आला, की तो विचार करायच्या आधी बाहेर पडतो. पहिले काही महिने अर्धा शब्द बाहेर पडायचा आणि उरलेला मी गिळायचो. ब्रूनो सहा शब्द दोन महिन्यांत शिकला. मला एक शब्द विसरायला वर्षाहून जास्त लागले, अजूनही कधी निसटतो. हिने त्या जागी धनगराच्या पोराचा शब्द घेतला. शेजारचा कुत्रा आला की ही म्हणते, "म्हागारी." तो जात नाही, हा भाग वेगळा. मग ही झाडू दाखवते.

गेल्या वर्षी मुलगा परत आला आणि ब्रूनोला न्यायला आला. ब्रूनो गाडीत बसेना. सून "कम, कम" म्हणत होती, तो आमच्याकडे बघत होता. शेवटी हिने "कूच" म्हटले आणि तो गाडीत चढला. ही आत निघून गेली.

निघताना मी सुनेला एक कागद दिला. मजकूर हिने सांगितला, लिहिला मी. रुजू, कूच, मुक्काम, सदर, मुजरा, तह, आणि समोर प्रत्येकाचा इंग्रजी अर्थ, शब्दकोशात बघून. खाली हिने आणखी एक ओळ घालायला लावली: "याला कोणीही हाड म्हणू नये." सुनेने विचारले, "का, घाबरतो का तो?" ही म्हणाली, "त्याला नाही कळत."

कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. परवा फोनवर मुलगा सांगत होता, त्यांच्या सोसायटीतली पोरे लिफ्टपाशी ब्रूनो दिसला की "मुजरा, मुजरा" म्हणून ओरडतात. तो तिथल्या तिथे पाय पसरून झोपतो आणि लिफ्ट निघून जाते.